दुखतं तर 'दुखतं' म्हणा! आजारपण मोजणारे पाच प्रश्न आणि आपली वस्ती

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. उत्तर नागपूरमधल्या आमच्या वस्तीत दुपारच्या वेळी दोन मुली आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. कुठल्याशा संशोधनासाठी घरोघर आरोग्याचा सर्वे चालू होता. मी तेव्हा आमच्याच गल्लीतल्या एका वहिनींकडे बसले होते. वहिनींचं वय अडतीस. सिकलसेलच्या 'एसएस' रुग्ण, म्हणजे नुसत्या वाहक नाहीत, प्रत्यक्ष आजार असलेल्या. आदल्याच रात्री त्यांच्या पायाची हाडं इतकी ठणकत होती की पहाटे तीनला त्यांच्या नवऱ्याने मला उठवून नेलं होतं. शेक दिला, पाणी पाजलं, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी दिली. पाच वाजता कुठे त्यांचा डोळा लागला. आणि आठ वाजता त्या धुण्याभांड्याच्या कामाला गेल्या सुद्धा!

त्या मुलींनी आरोग्याचे पाच प्रश्न विचारले. चालायला-फिरायला त्रास होतो का? आंघोळ, कपडे घालणं स्वतःचं स्वतः जमतं का? रोजची कामं होतात का? दुखणं किंवा अस्वस्थपणा आहे का? चिंता, उदासी वाटते का? वहिनी पाचही वेळा एकच बोलल्या, "नाही जी, बरं हाय."

मी मध्ये बोलले नाही. ज्याला विचारलंय त्यानेच उत्तर द्यायचं असतं. पण मुली गेल्यावर मी विचारलं, "वहिनी, रात्रभर तर तुम्ही कण्हत होत्या!"

वहिनी हसल्या. "ते तर रोजचंच हाय न ताई. त्याले का दुखणं म्हणाव? आन त्या पोरींले सांगून का होते?"

सांगून काय होतं, हा प्रश्न मला आवडला, कारण त्याचं उत्तर आपल्या वस्तीत फारसं कुणाला ठाऊक नाही. मलाही अनेक वर्षं नव्हतं. या वेळच्या आरोग्य पानावर तेच सांगते.

पाच प्रश्न कुठून आले?

वहिनींना विचारलेली प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिचं नाव 'ईक्यू-५डी'. युरोपातल्या वेगवेगळ्या देशांतले संशोधक १९८७ मध्ये एकत्र आले आणि त्यांनी ठरवलं, की कोणताही आजार असो, माणसाचं जगणं किती अवघड झालंय हे एकाच पट्टीने मोजता आलं पाहिजे. रक्तातलं हिमोग्लोबिन मोजता येतं, बीपी मोजता येतं. पण सिकलसेलवाल्याचं जगणं आणि लकवा मारलेल्याचं जगणं यांची तुलना हिमोग्लोबिनने होत नाही. त्यासाठी माणसालाच विचारावं लागतं.

म्हणून त्यांनी पाच गोष्टी निवडल्या: चालणं-फिरणं, स्वतःची काळजी, नेहमीची कामं, वेदना, आणि मनाची अवस्था. सध्या जास्त चालणाऱ्या प्रश्नावलीत प्रत्येक गोष्टीला पाच उत्तरं असतात: काहीच त्रास नाही, थोडा, मध्यम, खूप, आणि अतिशय. पाच प्रश्न आणि प्रत्येकी पाच उत्तरं, म्हणजे एकूण ३१२५ प्रकारच्या अवस्था लिहिता येतात. शेवटी थर्मामीटरसारखी एक उभी पट्टी असते, शून्य ते शंभर. तुमची तब्येत आज कुठे आहे, तिथे खूण करायची.

वहिनींनी पाचही ठिकाणी 'काहीच त्रास नाही' सांगितलं. टॅबलेटमध्ये त्यांची नोंद झाली १-१-१-१-१. या पट्टीवर याचा अर्थ पूर्ण निरोगी माणूस. वहिनी आणि सकाळी मैदानावर पळायला जाणारा वीस वर्षांचा मुलगा, कागदावर दोघं सारखे!

उत्तराचा आकडा कसा होतो?

पूर्ण निरोगी अवस्थेला १ आकडा दिलेला आहे. मृत्यूला शून्य. मधल्या अवस्था मधल्या आकड्यांवर बसतात. पण कोणती अवस्था ०.८ आणि कोणती ०.३, हे ठरवतं कोण? डॉक्टर नव्हे. सामान्य लोकांना विचारून ते ठरवतात.

विचारायची पद्धत ऐकण्यासारखी आहे. माणसाला सांगतात, समजा तुम्हाला दहा वर्षं अशा अवस्थेत काढायची आहेत, चालता येत नाही, सतत खूप दुखतं. त्याऐवजी कमी वर्षं मिळाली पण अगदी धडधाकट मिळाली, तर किती वर्षांवर तुम्ही तयार व्हाल? कुणी म्हणालं, दहा दुखऱ्या वर्षांऐवजी मला सहा धडधाकट वर्षं चालतील, तर त्या अवस्थेचा आकडा ०.६.

आपल्या देशात बराच काळ असे आकडे नव्हते. भारतातले संशोधक दुसऱ्या देशांचे आकडे उसने घेऊन काम चालवत. मग चंदीगडच्या पीजीआय संस्थेच्या संशोधकांनी पाच राज्यांतल्या ३५४८ लोकांना हे प्रश्न विचारले आणि भारताचे स्वतःचे आकडे तयार केले. ते २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दोन गोष्टी दिसल्या. एक, सगळ्यात वाईट अवस्थेचा आकडा निघाला उणे ०.९२३, म्हणजे शून्याच्याही खूप खाली. इतकं हालाचं जगणं मरणाहून वाईट, असं लोकांनी सांगितलं. दुसरी, पाच गोष्टींपैकी सगळ्यात जड निघाली ती वेदना. पाय चालेनासे होण्याहूनही भारतातल्या माणसाने दुखण्याला जास्त वजन दिलं.

आता वहिनींचं उत्तर आठवा. ज्या प्रश्नाला या देशात सगळ्यात जास्त वजन आहे, नेमक्या त्याच प्रश्नाला त्यांनी 'नाही जी' म्हटलं.

पैशाचा हिशेब कुठे येतो?

आकडा मिळाला की पुढचा हिशेब बायका रोज बाजारात करतात तसाच आहे.

समजा, एका आजारात माणूस दहा वर्षं जगतो आणि त्याचा आकडा ०.६ आहे. दहा गुणिले ०.६, म्हणजे सहा 'चांगल्या जगण्याची वर्षं' त्याच्या वाट्याला आली. नवीन उपचाराने आयुष्य तेवढंच राहिलं पण त्रास कमी होऊन आकडा ०.८ झाला, तर आठ वर्षं. म्हणजे नवीन उपचाराने चांगल्या जगण्याची दोन वर्षं मिळवून दिली. आरोग्य अर्थशास्त्रात या वर्षाला 'क्वाली' म्हणतात.

आता खर्च. समजा, दहा वर्षांत जुन्या उपचाराला चाळीस हजार लागले असते आणि नव्याला एक लाख चाळीस हजार लागतात. जास्तीचा खर्च एक लाख, जास्तीची चांगली वर्षं दोन. एका चांगल्या वर्षामागे पन्नास हजार. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण रीत हीच आहे. याला म्हणतात खर्चाच्या मानाने होणारा फायदा.

मग सरकार बघतं की एवढा खर्च करावा का. इंग्लंडमध्ये १९९९ पासून 'नाइस' नावाची संस्था हे काम करते. तिथे अनेक वर्षं एका चांगल्या वर्षामागे वीस ते तीस हजार पौंडांपर्यंतचा उपचार सरकारी दवाखान्यात द्यायला योग्य धरत आले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ मध्ये अशी यंत्रणा उभी केली. कोणतं औषध, कोणती तपासणी, कोणतं यंत्र सरकारी पैशातून द्यावं, यासाठी ती अभ्यास करून घेते. आपल्याकडच्या अनेक अभ्यासांत देशाच्या दरडोई उत्पन्नाची रेघ मारलेली असते. हे उत्पन्न सध्या दोन लाख रुपयांच्या आगेमागे आहे. एका चांगल्या वर्षाचा खर्च त्या रेघेच्या खाली आला, तर उपचार परवडणारा धरतात.

आता वहिनींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. समजा, शंभर सिकलसेल रुग्णांनी सर्वेत 'बरं हाय' सांगितलं. कागदावर त्यांचा आकडा १ झाला. उद्या कुणी त्यांच्यासाठी चांगलं औषध आणलं, तर हिशेब करणारा म्हणेल, हे तर आधीच १ वर आहेत. औषधाने यांना आणखी काय मिळणार? फायदा शून्य, खर्च मात्र आहे. उपचार 'परवडत नाही'!

आपण सोसलेलं दुखणं आपण लपवलं, तर ते हिशेबातून जातं. आणि जे हिशेबात नाही, त्याच्यासाठी पैसा निघत नाही.

सिकलसेलचंच उदाहरण

सिकलसेलमध्ये लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं, छाती, पोट दुखायला लागतं. १९१० मध्ये अमेरिकेतल्या शिकागोत डॉ. जेम्स हेरिक यांनी या पेशींची पहिली नोंद प्रसिद्ध केली. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये आजार दिसल्याची नोंद झाली. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, नंदुरबार या पट्ट्यात तो आहे. आदिवासींमध्ये आहे आणि विदर्भातल्या आपल्या बौद्ध कुटुंबांतही आहे. आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते.

या आजारात 'हायड्रॉक्सीयुरिया' नावाची गोळी वापरतात. अमेरिका आणि कॅनडात २९९ मोठ्या वयाच्या रुग्णांवर तिची चाचणी झाली, निकाल १९९५ मध्ये आला. साधी गोळी घेणाऱ्यांना वर्षाला साधारण साडेचार वेळा तीव्र दुखण्याचा झटका येत होता, औषध घेणाऱ्यांना अडीच वेळा. मग त्याच चाचणीतून खर्चाचा हिशेब केला. औषधाचा खर्च, वारंवार रक्त तपासायचा खर्च, सगळं धरलं. तरीही औषध घेणाऱ्यांवरचा एकूण खर्च कमी निघाला, कारण ते दवाखान्यात कमी वेळा भरती झाले. औषध द्यायला पैसे लागतात, पण न दिल्याने जास्त लागतात!

हे कळलं कसं? प्रत्येक झटका कुणीतरी मोजला म्हणून. रुग्णांनी सांगितला म्हणून.

आपल्याकडे अनेक वर्षं असं धरून चालत की भारतातला सिकलसेल आफ्रिकी वंशाच्या लोकांतल्यापेक्षा सौम्य असतो. नागपूरच्या डॉक्टरांनी लहान मुलांची नीट नोंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा दिसलं की विदर्भातली कितीतरी मुलं सौम्य आजाराची नाहीत, त्यांना तीव्र आजार आहे. नोंद नव्हती तोवर आपलं दुखणं 'सौम्य' होतं.

एक सूचना: ही गोळी स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नका. रक्ततपासणी करत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते. बाळाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

माझी स्वतःची चूक

इतरांना सांगण्याआधी माझंही सांगते. मी नर्सिंगचा डिप्लोमा करून नवीनच वॉर्डात लागले होते. दवाखान्याचं नाव सांगत नाही. रात्रपाळीला सतरा वर्षांचा एक मुलगा भरती होता, सिकलसेलचा. दुखण्याने ओरडत होता, इंजेक्शन मागत होता. ड्युटीवरचे डॉक्टर वैतागले, "यांना इंजेक्शनची सवय लागलेली असते, नाटक करतात." मुलाला दटावलं. मुलगा गप्प झाला. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

सकाळी मी नोंदवहीत लिहिलं, रुग्ण रात्रभर शांत झोपला.

तो झोपला नव्हता. त्याची आई स्टुलावर बसून होती, तिने मला सांगितलंही, "सिस्टर, पोरगा रातभर दात खाऊन पडला होता." मी शाई खोडली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या छातीत दुखायला लागलं, श्वास लागला, अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. तो वाचला. पण माझ्या हाताने लिहिलेली ती ओळ त्याच्या फायलीत राहिली. उद्या कुणी संशोधक त्या फायली चाळायला बसला असता, तर त्या रात्री त्या मुलाला काहीच दुखलं नव्हतं, असाच पुरावा त्याला मिळाला असता.

पुढे वॉर्डात शून्य ते दहाची वेदनापट्टी आली. रुग्णाला विचारायचं आणि तो म्हणेल तो आकडा लिहायचा. स्वतःचं मत घालायचं नाही. एवढी साधी गोष्ट, पण तिने मला बदललं. नोकरी सोडून वस्तीत काम करायला लागले, त्यामागे ती नोंदवहीतली ओळ आहे.

गरीब कमी का सांगतो?

'बरं हाय' ही एकट्या वहिनींची सवय नाही. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात यावर लिहिलं आहे. लोकांना 'तुम्ही आजारी आहात का' असं विचारलं, तर केरळचे लोक सगळ्यात जास्त आजारपण सांगतात आणि बिहारचे सगळ्यात कमी. प्रत्यक्षात आयुर्मान केरळचं जास्त! आणि अमेरिकेतले लोक केरळवाल्यांहूनही जास्त आजार सांगतात. ज्याच्या जवळ शाळा आहे, दवाखाना आहे, त्याला आपलं दुखणं ओळखता येतं आणि सांगायची हिंमतही होते. ज्याच्याकडे काहीच नाही, तो दुखणं म्हणजेच जगणं समजतो.

आपल्या वस्तीत याला आणखी कारणं आहेत. सांगितलं तर मालकीण कामावरून काढेल. मुलीला आजार आहे कळलं तर लग्न मोडेल. दवाखान्यात सांगायला गेलो तर हिडीसफिडीस होते. म्हणून आपल्या आयाबाया कंबर धरून उठतात आणि म्हणतात, बरं हाय. ही सोशिकता घरात मोठी वाटते, सर्वेच्या कागदावर मात्र ती आपलंच नुकसान करते.

पट्टीतही खोट आहे

सगळा दोष आपलाच नाही. ही मोजपट्टीही अपुरी आहे, आणि ते आपल्याला माहीत असलं पाहिजे.

पहिली गोष्ट, प्रश्नावली 'आज' बद्दल विचारते. सिकलसेलचं दुखणं येतं-जातं. बऱ्या दिवशी विचारलं तर आकडा चांगला येतो, आणि झटक्याच्या दिवशी सर्वेवाले दारात नसतात. चांगला अभ्यास झटक्याच्या काळात वेगळं विचारतो. सगळेच अभ्यास एवढी काळजी घेत नाहीत.

दुसरी, पाच प्रश्नांत घर, पाणी, पैसा, मान-अपमान काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची एक वेगळी प्रश्नावली आहे. तिच्यात पैसा पुरतो का, राहती जागा कशी आहे, माणसांची साथ आहे का, असे प्रश्न आहेत. पण पैशाच्या हिशेबात बहुतेक वेळा पाच प्रश्नांचीच पट्टी चालते, कारण तिचा एक आकडा निघतो. दवाखान्याच्या रांगेत जात कळल्यावर बदललेला आवाज कुठल्याच आकड्यात येत नाही.

तिसरी, खर्च कुणाचा मोजला? फक्त दवाखान्याचा मोजला तर औषध, खाट, डॉक्टर एवढंच येतं. पण वहिनी दवाखान्यात गेल्या तर त्यांचा रोज बुडतो, नवऱ्याचा रोज बुडतो, ऑटोचे पैसे जातात, मुलगी शाळा बुडवून धाकट्याला सांभाळते. देशाच्या आरोग्य खर्चातला २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के वाटा लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरला, असं सरकारचाच हिशेब सांगतो. आणि बुडालेली मजुरी तर त्यात धरलेलीच नाही. आपल्या घराचा खर्च मोजला जावा असं वाटत असेल, तर तोही सांगावा लागेल.

चौथी, अपंगांचा प्रश्न. ज्याचा आकडा कायमच ०.५ आहे, त्याला एक वर्ष जास्त जगवलं तर हिशेबात अर्धंच वर्ष धरलं जातं. म्हणजे त्याचं आयुष्य स्वस्त? अमेरिकेत अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांनी यावर जोरदार आक्षेप घेतला. २०१० च्या तिथल्या आरोग्य कायद्यात सरकारी वृद्धविमा योजनेने कोणता उपचार द्यायचा हे अशा आकड्याची रेघ मारून ठरवू नये, अशी तरतूद आहे. आपणही हा प्रश्न विचारायला हवा.

तरी मी ही पट्टी फेकून द्या म्हणत नाही. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी बजावलं होतं, की राजकारणात आपण एक व्यक्ती, एक मूल्य मानणार, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते नाकारत राहणार, ही विसंगती लवकर संपवली पाहिजे. या हिशेबात निदान एक गोष्ट चांगली आहे. मंत्र्याच्या चांगल्या जगण्याचं एक वर्ष आणि सफाई कामगाराच्या चांगल्या जगण्याचं एक वर्ष, दोन्ही एकच धरतात. कमाईवरून वर्षाची किंमत कमीजास्त होत नाही. मतपेटीसारखंच. फरक इतकाच, की मत दिलं नाही तर ते मोजलं जात नाही, तसं दुखणं सांगितलं नाही तर तेही मोजलं जात नाही.

सर्वेवाले दारात आले तर

● आधी विचारा: कोणत्या संस्थेकडून आलात, कशासाठी, माहिती कुठे जाणार? ओळखपत्र बघा. माहितीपत्रक मराठीत वाचून दाखवायला सांगा, मगच सही किंवा अंगठा द्या.

● नकार द्यायचा तुम्हाला हक्क आहे. नकार दिला म्हणून कुणी तुमचा उपचार थांबवू शकत नाही.

● बँकेचा नंबर, ओटीपी कुणालाच देऊ नका. आरोग्याच्या प्रश्नांना त्याची गरज नसते.

● प्रश्न 'आज' चा असेल तर आजचंच सांगा. वाढवून सांगू नका, खोटं बोललात तर पुढच्या खऱ्या माणसावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. पण सोबत सांगा, "आज बरी आहे, परवा रात्री झटका आला होता, हे लिहिता का?" लिहायची जागा नसेल तर शेरा म्हणून लिहायला सांगा.

● 'कामं होतात का' या प्रश्नाला नुसतं 'होतात' म्हणू नका. काम होतं, पण दुखत दुखत होतं, दोनदा बसून होतं, मुलीची मदत घेऊन होतं, हेही त्रासच आहे.

● मनाचा प्रश्न टाळू नका. झोप न लागणं, रडू येणं, जीव नकोसा वाटणं सांगण्यात लाज नाही. जीव नकोसा वाटत असेल तर सर्वेची वाट न बघता त्याच दिवशी जवळच्या माणसाला आणि दवाखान्यात सांगा.

● बायकांची उत्तरं बायकांनीच द्यायची. सासू किंवा नवरा शेजारी असेल तर वेगळं बसून बोलायचं आहे असं सांगा.

● घरात सिकलसेल, दमा, मिरगी, असा येणारा-जाणारा आजार असेल तर जुन्या कॅलेंडरवर खूण करा. दुखलं त्या तारखेला फुली, कामावर गेला नाहीत तर गोल. औषध, ऑटो, तपासणीच्या पावत्या एका पिशवीत ठेवा. डॉक्टरांनाही याचा उपयोग होतो.

● २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी सरकारी दवाखान्यात चौकशी करा. तिथेही नोंद लागते, 'बरं हाय' चालत नाही.

● १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठेवून. तिचा मुख्य भर आदिवासी भागांवर आहे, तो असायलाच हवा. पण आजार आपल्या वस्तीतही आहे. लग्नाआधी आणि गरोदरपणात तपासणी मागून घ्या. पत्रिका जुळवण्याऐवजी रक्ताचा रिपोर्ट जुळवा.

वहिनींचं पुढे काय झालं?

तीन आठवड्यांनी सर्वेची सुपरवायझर आली. काही घरं पुन्हा तपासायची असतात, त्यात वहिनींचं घर निघालं. मी तिथे नव्हते. संध्याकाळी वहिनीच माझ्याकडे आल्या. हातात महालक्ष्मीचं जुनं कॅलेंडर. तीन आठवड्यांत चार फुल्या, दोन गोल.

"त्या मॅडमले हे दाखोलं," म्हणाल्या. "म्हटलं, आज बरी हावो, पण हे पाहा. तिनं फोटो घेतला कॅलेंडरचा."

"मग दुखण्याच्या प्रश्नाला काय सांगितलं?"

"थोडं म्हणून सांगितलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "ताई, 'थोडं' म्हणालेच लय जीवावर आलं."

मला माहीत आहे, ते थोडं नव्हतं. पण अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्या कुणा परक्या माणसाला 'दुखतं' म्हणाल्या. पुढच्या रविवारी विहारात बायकांच्या बैठकीला जुनी कॅलेंडरं आणि पेन्सिली घेऊन जाणार आहे. तुमच्या घरातही जुनं कॅलेंडर असेलच. भिंतीवरून काढू नका.

जय भीम.